गोथार्ड बोगद्यातील पांडुरोग

स्वित्झर्लंडमधील गोशेनेन आणि आयरोलो ही गावे आल्प्सच्या पोटातून जोडणारा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोथार्ड रेल्वे बोगदा १८७२ मध्ये खणायला घेतला. मजूर बहुतांशी इटालियन होते. आत तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर, पायाखाली चिखल आणि शौचाची धड सोय नाही. काही वर्षांतच धडधाकट माणसे फिकी पडू लागली. चार पावले चालताच धाप लागे. दोष कोंदट हवेला आणि सुरुंगांच्या धुराला दिला गेला.

१८८० मध्ये दोन्ही बाजूंचे खणकाम एकमेकांना भिडले. त्याच वर्षी तुरीनच्या एदोआर्दो पेरोन्चितो यांना या मजुरांच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी आढळली. कृमी नवा नव्हता. मिलानचे डॉक्टर आंजेलो दुबिनी यांनी तो १८३८ मध्येच शवविच्छेदनात पाहिला होता, आणि इजिप्तमधील पांडुरोगाशी त्याचा संबंधही पुढे जोडला गेला होता. तरी युरोपातील खाणकामगारांचा आजार म्हणून त्याची दखल घेतली जाण्यासाठी इतक्या माणसांचे रक्त आटावे लागले. अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात, हे तर आर्थर लूस यांनी कैरोत दाखवले ते शतक सरताना.

आतड्याच्या अस्तराला चिकटलेला एकेक कृमी दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो; शेकडो कृमी असतील तर हानी किती होते याचा अंदाज त्यावरून येतो. पण रक्ताचे हे अन्न कृमीलाही धोक्याचे असते. त्याच्या आतड्यात तांबड्या पेशी फुटतात आणि विकरे एकामागून एक हिमोग्लोबिनचे तुकडे करतात. प्रथिनाचा भाग पोषणाला लागतो; मागे उरते लोहयुक्त हीम. मोकळे हीम ऑक्सिजनची घातक रूपे तयार करते आणि पेशींची आवरणे खराब करते. गंमत अशी की कृमीला स्वतः हीम बनवता येत नाही, त्यामुळे थोडे हीम त्याला हवेच असते. उरलेल्यातील काही हीम ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज जातीची प्रथिने धरून ठेवतात आणि त्याची घातकता आवरतात. रक्तावरच जगणाऱ्या शिस्टोसोमा कृमीची तऱ्हा वेगळी आहे: तो हीमचे काळे, निरुपद्रवी स्फटिक बनवतो आणि ते तोंडावाटे ओकून टाकतो. हिवतापाचा परोपजीवीही असेच स्फटिक बनवतो.

गोथार्डच्या काळात हे रसायन कोणालाच ठाऊक नव्हते. उपचार होता नेच्याच्या मुळांचा अर्क, आणि लवकरच तुरीनच्याच कामिलो बोत्सोलो यांनी वापरात आणलेले थायमॉल. पुढे त्याची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. अलीकडे माणसांवर चाचणी झालेल्या अंकुशकृमीच्या दोन लसी थेट या पचनव्यवस्थेलाच लक्ष्य करतात: एक हिमोग्लोबिन फोडणाऱ्या विकराला, दुसरी हीम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला.