ख्रिस्ती आशेची सहभागिता : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

ख्रिस्ती आशा म्हणजे केवळ चांगल्या दिवसांची अपेक्षा नव्हे. क्रूसावर मरण पावलेला प्रभु येशू पुनरुत्थित झाला, या श्रद्धेवर ती उभी आहे. म्हणूनच पाऊस चुकला, पीक गेले, घरात मृत्यू झाला, तरीही ती टिकून राहते. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी 'आशेचे यात्रेकरू' हे बोधवाक्य निवडले होते. ते वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी समाप्त झाले. त्याने सोपविलेले कार्य मात्र धर्मग्रामांच्या हाती आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगतात की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्याची श्रद्धावंतांची सदैव तयारी असावी आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने दिले जावे. येथे उत्तराआधी प्रश्न आहे. आपल्या जीवनात काही वेगळे दिसल्याशिवाय शेजारी प्रश्न तरी का विचारील? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'स्पे साल्वी' या विश्वपत्रात सुदानच्या संत जोसेफिन बखिता यांचे उदाहरण दिले आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या या धर्मभगिनीला आपणास लाभलेली आशा स्वतःपुरती ठेवता आली नाही.

बारामतीचे उदाहरण

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांचा काही भाग बागायती झाला. उरलेला जिरायती पट्टा पावसावरच अवलंबून राहिला. बारामतीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या प्रॉटेस्टंट मंडळीचे मिशन कार्यरत होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, दुष्काळाच्या काळात, 'कासा' या ख्रिस्ती मंडळ्यांच्या सेवासंस्थेच्या साहाय्याने येथे 'कामाच्या बदल्यात धान्य' योजनेतून पाझर तलाव खोदण्यात आले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कार्याची पूर्वपीठिका याच कामात आहे.

त्या तलावांवर राबणारे बहुसंख्य ग्रामस्थ ख्रिस्ती नव्हते. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरते व खालच्या अंगाच्या विहिरींत उतरते. विहीर कोणाची, हे ते पाहत नाही. हे कार्य आपल्या कॅथलिक धर्मग्रामाचे नसले, तरी त्यापासून आपण अवश्य शिकावे.

सेवेला किंमत नसते

येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो. मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जाते, असा संशय ख्रिस्ती सेवेविषयी घेतला जातो. व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात धर्मप्रसारातील सक्ती, तसेच अप्रामाणिक मार्गाने मन वळविणे, त्याज्य ठरविले आहे. सेवा निरपेक्ष असावी आणि श्रद्धेविषयीचे उत्तर प्रामाणिक असावे. या दोहोंची गल्लत झाल्यास सेवेचाही व्यवहार होतो आणि साक्षही डागाळते.

धर्मग्रामातील दैनंदिन संधी

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः आगमनकाळाच्या सुमारास भरात येतो व उपवासकाळापर्यंत चालतो. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोप्यांमध्ये राहतात. मुलांची शाळा सुटते, गरोदर स्त्रिया पहाटेपासून फडात असतात. गव्हाणीतील बाळाची आराधना करणाऱ्या भाविकांना ही कोपी परकी वाटू नये. आजारी स्त्रीला दवाखान्यात नेणे, मुलांचा अभ्यास घेणे, थंडीत पांघरूण पोहोचविणे ही कामे लघु ख्रिस्ती समूहांना सहज करता येतील. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर मार्गे जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी देणे हाही शेजारधर्मच होय.

शेजाऱ्याच्या घरी मृत्यू झाला, तर प्रथम जाऊन त्याच्याजवळ बसावे. पुढे कधी त्याने आपल्या धीराचे कारण विचारलेच, तर प्रभु येशूचे नाव संकोच न करता, पण नम्रपणे सांगावे.