मंगल परिणय झाला, नोंदणीचे काय? बौद्ध जोडप्यांसाठी विवाह नोंदणीची माहिती

नवरा कामावर असताना अपघातात गेला. भरपाईसाठी बायको कार्यालयात गेली, तर पहिला प्रश्न आला, "विवाह नोंदणीचा दाखला आहे का?" लग्न बारा वर्षांपूर्वी गावच्या विहारात झाले होते. जेवायला चारशे माणसे होती, पण कागद एकही नव्हता. तिच्याबरोबर आम्ही कित्येक महिने हेलपाटे घातले. वस्त्यांमध्ये काम करताना अशा बहिणी आम्हाला वारंवार भेटतात. कुणाला विधवा पेन्शन हवी असते, कुणाला पोटगी, कुणाला पासपोर्ट. आपण मंगल परिणय थाटात करतो, पण नोंदणी "नंतर बघू" म्हणून राहून जाते. त्याची किंमत बहुतेक वेळा बाईलाच मोजावी लागते. म्हणून लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती.

आपले लग्न कोणत्या कायद्याखाली येते?

बौद्धांसाठी देशात वेगळा विवाह कायदा नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्यामुळे विहारात बौद्ध पद्धतीने लागलेले लग्न कायद्याच्या दृष्टीने याच अधिनियमाखाली येते. १९५६ ला आपण धर्म बदलला, तरी विवाहाच्या कायद्यात आपण हिंदूंच्याच रांगेत आहोत, ही सल समाजात आहे आणि ती रास्त आहे. शिखांना १९०९ चा आनंद विवाह कायदा आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याखाली नोंदणीची तरतूदही झाली. बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्याच न्यायाची आहे. पण कायदा होईपर्यंत नोंदणी थांबवणे हा निषेधाचा मार्ग नव्हे. त्यात नुकसान आपल्याच लेकीबाळींचे होते.

दुसरा मार्ग विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा. यात धर्म कोणता हा प्रश्नच नाही. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते हेच, पण ते न्यायालयात होत नाही, विवाह अधिकाऱ्यासमोर होते. बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर (माईसाहेब) यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत केलेला विवाहही त्या वेळच्या कायद्यानुसार नोंदणी पद्धतीनेच झाला होता. त्यामुळे नोंदणी विवाह कमी प्रतीचा, असे समजण्याचे कारण नाही.

दोन्ही कायद्यांत वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असावे लागते. दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असेल, तर दुसरे लग्न होत नाही.

पहिला मार्ग: विहारातील लग्नाची नोंदणी

महाराष्ट्रात यासाठी १९९८ चा विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम आहे. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाह निबंधकाकडे विहित नमुन्यातील ज्ञापन द्यायचे असते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. मुदत उलटली तरी नोंदणी होते, फक्त शुल्क वाढते. दहा-बारा वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांनीही ती करून घ्यावी.

सोबत साधारणपणे हे न्यावे:

- दोघांचे वयाचे पुरावे (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला)
- राहण्याचे पुरावे आणि फोटो
- लग्नपत्रिका आणि लग्नविधीचा फोटो
- तीन साक्षीदार, त्यांच्या ओळखपत्रांसह
- आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला
- ज्यांनी विधी लावला त्यांचे नाव, वय, पत्ता आणि सही

शेवटच्या मुद्द्यावर आपली जोडपी अडतात. नमुन्यात "पुरोहित" असा रकाना असतो आणि "आमच्यात भटजी नसतो" म्हणून लोक तो कोरा ठेवतात. तसे करू नका. विधी लावणाऱ्या भंतेजींचे किंवा बौद्धाचार्यांचे नाव तिथे लिहा आणि त्यांची सही लग्नाच्या दिवशीच घ्या. नंतर बौद्धाचार्य दुसऱ्या गावी असतात, फोन लागत नाही आणि अर्ज पडून राहतो. कार्यकर्त्यांनी कोरा नमुना लग्नाच्या मांडवातच न्यावा, असे आम्ही सुचवतो.

धर्माच्या रकान्यात "बौद्ध" लिहायला घाबरू नका. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या सवलती कायम आहेत.

अर्ज घ्यायलाच नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. नकाराचे कारण लेखी मागा. विवाह नोंदणी दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणारी सेवा आहे आणि त्यात अपिलाची सोय आहे.

विधी न करता फक्त दाखला? धोका आहे

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात स्पष्ट केले की, हिंदू विवाह अधिनियमाखाली विधी झालेलाच नसेल तर नुसत्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही. कलम ७ नुसार विधी दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे चालतो. सप्तपदी आपल्याकडे नाही, त्यामुळे तिची गरजही नाही. पण त्रिशरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार हा आपला विधी प्रत्यक्ष झाला पाहिजे आणि त्याचा पुरावा जपून ठेवला पाहिजे.

शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेला करार म्हणजे लग्न नव्हे. "एका दिवसात कोर्ट मॅरेज" सांगणाऱ्या एजंटांपासून दूर राहा.

दुसरा मार्ग: विशेष विवाह अधिनियम

आंतरधर्मीय जोडप्यांसाठी हा रस्ता आहे. आंतरजातीय आणि बौद्ध-बौद्ध जोडपीही तो निवडू शकतात. टप्पे असे:

१. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची.

२. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. दुसरा जोडीदार कायमचा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथेही प्रत जाते.

३. ३० दिवसांत हरकत आली नाही तर लग्न लावता येते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नव्याने नोटीस द्यावी लागते.

४. ठरलेल्या दिवशी तीन साक्षीदारांसमोर घोषणापत्रावर सह्या होतात, दोघे एकमेकांचा स्वीकार करतात आणि दाखला मिळतो.

हरकत कुणी घ्यावी याला बंधन नाही, पण कारणांना आहे. वय, आधीचे लग्न, संमती देण्याची मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते एवढीच कारणे चालतात. "जात वेगळी आहे", "आई-बापाला मान्य नाही" ही हरकत कायद्यात बसत नाही. अधिकाऱ्याने हरकतीवर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि नकार मिळाला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

एक सावधगिरी: मामाच्या किंवा आत्याच्या मुला-मुलीशी लग्न हे या कायद्यात निषिद्ध नात्यात मोडते. हिंदू विवाह अधिनियमात अशा नात्याला रूढीची सवलत मिळू शकते. तेव्हा असे नाते असेल तर आधी वकिलाला विचारा.

वारसाहक्काबाबतही गैरसमज आहेत. दोघेही बौद्ध, हिंदू, शीख किंवा जैन असतील तर कलम २१-अ मुळे हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर भारतीय वारसा अधिनियम लागू होतो.

विहारात आधीच लग्न झालेल्यांनाही कलम १५ खाली या कायद्यात नोंदणी करता येते. त्यासाठी दोघांचेही वय २१ पूर्ण हवे आणि ३० दिवसांची नोटीस इथेही आहे.

फलकावरची नोटीस आणि जिवाचा प्रश्न

तीस दिवस नाव, पत्ता फलकावर असणे हे जातीबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी किती धोक्याचे असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्या अनुभवात घरच्यांना बातमी बहुधा याच काळात लागते. म्हणून नोटीस देण्याआधीच मुलगी कुठे राहील, सोबत कोण असेल, मूळ कागदपत्रे कुणाकडे आहेत हे ठरवून ठेवा. दोघांच्या सहीचा, स्वखुशीने लग्न करत असल्याचा अर्ज पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे द्या आणि पोच घ्या. शक्ती वाहिनी प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्हावार विशेष कक्ष आणि चोवीस तास हेल्पलाइनचे निर्देश दिले आहेत. अर्जात त्या निकालाचा उल्लेख जरूर करा. पोलिसांनी दाद दिली नाही तर उच्च न्यायालयात जाता येते.

दाखला मिळाल्यावर

मूळ प्रत जपा आणि काही जास्तीच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. लग्नानंतर मुलीने नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. लग्नाने जातही बदलत नाही, तिचा जात दाखला माहेरच्या नावानेच चालतो. जोडप्यापैकी एकजण अनुसूचित जातीचा (नवबौद्धांसह) आणि दुसरा सवर्ण असेल, तर राज्याच्या आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा आणि तिथेही पहिला कागद नोंदणीचा दाखलाच लागतो.

विहारांच्या समित्यांना आमची एकच विनंती आहे. मंगल परिणयाची तारीख देतानाच वधू-वरांच्या हातात नोंदणीचा कोरा नमुना द्या आणि ९० दिवसांच्या आत दाखला आणून दाखवायला सांगा. मांडव, जेवण, डीजे यांची यादी आपण महिनाभर आधी करतो. त्या यादीत ही एक ओळ वाढवली, तर उद्या एखाद्या बहिणीला स्वतःचे लग्न सिद्ध करण्यासाठी दारोदार फिरावे लागणार नाही.

जय भीम, नमो बुद्धाय!