तांबं स्वस्त होईपर्यंत

आमच्या नातवाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. हे वाक्य मी गेली दोन वर्षं ऐकतो आहे, आणि अजून त्याचं 'घेतलं' झालेलं नाही. कार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फार तर रेशनकार्ड येतं. हे निघालं चांगलं विटेएवढं, वर पंखे लावलेलं. ते कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं आणि त्यानं चित्रं रंगवायची. किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "एवढ्यात आपलं लग्न दोनदा झालं असतं." एकदा झालं तेवढं पुष्कळ झालं, असं मी म्हटलं, अर्थात मनातल्या मनात.

पैसे मी द्यायचे ठरले आहेत. एक मुदत ठेव त्यासाठी पिकून खात्यात येऊन बसली आहे. बोहल्यावर चढलेल्या नवऱ्यासारखी बिचारी उभी आहे, पण मुहूर्तच लागत नाही. कारण नातवाच्या मते "आता घेणं वेडेपणा आहे आजोबा, पुढच्या पिढीचं येणार आहे."

आता यात माझं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. जातं. पोरगा अॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मेमध्ये त्याला चार मिनिटांची फिल्म द्यायची आहे. फिल्मचा विषय मीच सुचवला: तीन हजार वर्षांपूर्वीचं इनामगाव. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, म्हणजे चार मिनिटांची पाच हजार सातशे साठ झाली. त्याचं जुनं कार्ड एका चित्राला चाळीस मिनिटं घेतं. मी कागद-पेन्सिल घेऊन गुणाकार केला. दिवसरात्र चालवलं तर एकशे साठ दिवस! डिसेंबर निम्मा सरला होता.

नातू मात्र शांतपणे मला इतिहास सांगत होता. जुनी माणसं पानिपत सांगतात तसा तो कार्डांचा इतिहास सांगतो. 2018 च्या सप्टेंबरात एनव्हिडिया कंपनीनं विसाव्या मालिकेची कार्डं काढली. त्यातलं वरचं बाराशे डॉलरचं. 2020 च्या सप्टेंबरात तिसावी मालिका जाहीर झाली आणि तिच्यातलं पाचशे डॉलरचं कार्ड त्या बाराशेवाल्याच्या तोडीस तोड निघालं. ज्यांनी ऑगस्टात खरेदी केली होती त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे थांबलेले जिंकले?" मी विचारलं.

"नाही ना! त्यांना मिळालंच नाही."

करोनाचे दिवस. चिपांचा दुष्काळ. त्यातून इथेरियम नावाचं आभासी नाणं पाडणाऱ्यांनी कार्डं पोत्यानं उचलली. दुकानं रिकामी आणि बाहेर दुप्पट भाव. 2022 च्या सप्टेंबरात ते नाणं पाडायची पद्धतच बदलली, कार्डांची गरज उरली नाही. आणि त्याच महिन्यात चाळिसावी मालिका जाहीर झाली! 2025 च्या जानेवारीत पन्नासावी. घेणारेही फसले, थांबणारेही फसले. एवढं सगळं पाठ असून हा पुन्हा थांबायला तयार!

दोष त्याचा नाही. हे आमच्या रक्तातच आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शिरूर तालुक्यात मास्तर होते आणि थांबण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. 1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबईला टेलिव्हिजन सुरू झाला, पुढच्या वर्षी सिंहगडावरनं पुण्याकडेही दिसू लागला. पुढे कधीतरी आमच्या गावातही एक सेट आला. आईनं विषय काढला की अण्णा म्हणत, "काळा-पांढरा काय घ्यायचा? रंगीत येणार आहे." नऊ-दहा वर्षं आम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर बसून पाहिला. 1982 साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं रंग आला, आणि दुसऱ्या वर्षी अण्णांनी खरोखरच रंगीत सेट आणला. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बातम्या लागल्या की ते विचारत, "बाईची साडी कुठल्या रंगाची गं?" आई सांगायची, "आंबा कलर. काठ हिरवा." अण्णा समाधानानं मान हलवायचे.

ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणत, "मग आयुष्यभर ते सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे! भिंग डोळ्यातच बसवायची पद्धत येते आहे म्हणतात. थांबू." त्यात खोटं काही नव्हतं. लंडनच्या हॅरॉल्ड रिडलेनं 1949 सालीच तसं भिंग बसवलं होतं. आमच्या तालुक्यापर्यंत ती पद्धत आली तेव्हा अण्णा राहिले नव्हते. परवा माझ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं भिंग बसवू?" मी म्हटलं, "आज कपाटात असेल ते."

पण इनामगाव मला दाखवलं ते अण्णांनीच. 1971 साल असावं. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसायचं माझं वय उलटून गेलं होतं, म्हणून त्यांनी मला सायकल मारायला लावली आणि आपण कॅरिअरवर बसले. घोड नदीच्या काठच्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं होतं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षं तिथं माती चाळली. सव्वाशेच्या वर घरांचे अवशेष सापडले. कुणाचं घर, कुणाची चूल, कुणाचं धान्य ठेवायचं पेव. घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लेकरंसुद्धा. ते ऐकल्यावर अण्णांनी टोपी काढून हातात घेतली होती, एवढं मला स्पष्ट आठवतं.

तिथल्या एका विद्यार्थ्यानं माझ्या तळहातावर दगडाचं एक पातं ठेवलं. गारगोटीच्या जातीचा कॅल्सेडनी दगड, बोटाएवढं लांब, आणि धार अशी की मी सहज अंगठा फिरवला आणि रक्त आलं. तीन हजार वर्षांचं पातं, दाढीच्या ब्लेडनं लाजावं! अशी पाती ते लोक एका दगडातून सोलल्यासारखी काढत. लाकडाच्या नाहीतर हाडाच्या खाचेत ओळीनं बसवली की झाला विळा. एक पातं बोथटलं तर तेवढंच काढून टाकायचं, दुसरं बसवायचं.

गंमत पुढेच आहे. या लोकांना तांबं माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, गावात ते घडवणारे होते. पण तांबं इथल्या काळ्या पाषाणात सापडत नाही, लांबून यायचं, महाग पडायचं. म्हणून बांगड्या, मणी, एखादी छिन्नी, मासे धरायचा गळ एवढंच तांब्याचं. बाकी रोजचं कापणं, सोलणं, खरवडणं सगळं दगडानं. पंडित या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. आपल्याकडे श्रीमंत पाहुण्याचं नाव पत्रिकेत आधी घालतात, त्यातला प्रकार. खरं काम पाषाणानं केलं. मोडलेलं तांबं अर्थात कोणी टाकून देत नाही, वितळवून पुन्हा वापरतो, म्हणून आपल्याला सापडतंही कमी. तेवढी सूट तांब्याला द्यायला हवी.

1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबादला जमिनीतून धातूचे चार पुतळे निघाले. रथ, हत्ती, गेंडा, म्हैस, मिळून साठेक किलोचा ऐवज. वर्तमानपत्रात वाचून अण्णा हळहळले, "तिकडे हत्ती आणि आपल्याकडे गळ!" त्या पुतळ्यांच्या वयावरून विद्वानांत एकमत नाही. पण माझी खात्री आहे, इनामगावातही कट्ट्यावर एक म्हातारा बसून सांगत असणार, "आत्ता तांबं घेऊ नका. पूर्वी स्वस्त होतं, पुन्हा होईल."

झालं असतं तरी थांबायला वेळ कुणाला होता? इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास ही वस्ती झाली. लोखंड विदर्भात गाळलं जात होतं, त्याची नागपूरजवळच्या नायकुंडची भट्टी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे इनामगाव उठलं त्या सुमाराची. 'पुढच्या पिढीचं येणार आहे' म्हणून इनामगावकर थांबला असता तर त्याला नऊशे वर्षं थांबावं लागलं असतं, आणि शेतातला सातू तर त्याच आठवड्यात कापायचा होता. घोड नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी शंभर मीटरहून लांब, दोन पुरुष खोल पाट खणला, बाजूनं बांध घातला. लोखंडी कुदळ जन्माला यायच्या आधी!

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि बिनतोड सवाल टाकला, "पण आजोबा, पुढची पिढी चांगलीच असते ना?"

इथं मला इनामगावच उपयोगी पडलं. इसवी सनापूर्वी 1000 पर्यंत तिथं ऐसपैस चौकोनी घरं होती. त्यानंतरच्या पिढ्यांनी काय बांधलं? लहान लहान गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती आटली, माणसं शिकारीकडे आणि शेळ्यामेंढ्यांकडे वळली, असं ढवळीकरांनी मांडलं आहे. चौकोनी घरातल्या आजोबानं गोल झोपडीतल्या नातवाला काय तोंड दिलं असेल, कोण जाणे. मी विषय वाढवला नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गळ तांब्याचा का केला त्यांनी?"

"दगड वाकवता येत नाही म्हणून."

त्या रात्री त्यानं हिशेब नव्यानं मांडला. सेकंदाला चोवीसऐवजी बाराच चित्रं; एकेक चित्र दोनदा दाखवायचं, अॅनिमेशनवाले नेहमी करतात म्हणे. एकशे साठाचे ऐंशी दिवस झाले. फक्त पाटातलं पाणी जुन्या कार्डाला झेपेना, तेवढ्यासाठी मित्राचं नवं कार्ड चार रात्री मागून आणायचं ठरलं. माझी ठेव बोहल्यावरच राहिली.

आता आमच्या घरात रात्रभर घरघर चालते. ही म्हणते, पिठाची गिरणी परवडली. दिवसाला छत्तीस चित्रं होतात, म्हणजे तीन सेकंद. सकाळी चहा घेऊन मी त्याच्या खोलीत जातो आणि कालचे तीन सेकंद पाहतो. काल एक बाई पाट्यावर सातू भरडायला वाकली. आज तिनं मान वर केली आणि शेजारच्या मडक्याकडे हात नेला.

"मडकं कुठल्या रंगाचं रे?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तांबडं," मी ओरडून सांगितलं. "वर काळी नक्षी."