समोरचा तयार नसेल तर

1915 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका जातीची चाल तपासायला आली. नवऱ्याने किंवा बायकोने जातीने ठरवलेली रक्कम भरली की लग्न मोडलं. दुसऱ्याची तयारी असो वा नसो. ही चाल लोकहिताला सोडून आहे असं म्हणत न्यायालयाने ती मानायला नकार दिला. साताऱ्यात आणि नंतर पुण्यात माझी वकिली घटस्फोटाच्या दाव्यांतच गेली, आणि या कामाचा इतिहास कुणी विचारला तर मी या निकालापासून सुरुवात करते. दोघं राजी असतील तर लग्न मोडायचे मार्ग आपल्याकडे पूर्वीही होते. एकजण अडून बसला तर काय, हा प्रश्न मात्र शंभर वर्षं भिजत पडला होता.

ब्राह्मणांत आणि त्यांचं बघून वागणाऱ्या घरांत लग्न मोडतच नसे. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरच्या माजघरात आयुष्य काढायची. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती आणि त्यानंतर पाट लावायची मुभा होती. पंचांसमोर काडी मोडायची, डागिन्यांचा आणि देण्याघेण्याचा हिशेब मिटवायचा, की बाई मोकळी. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातीजातींच्या रीती विचारून लिहून काढल्या. 1827 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात या चाली नोंदलेल्या आहेत. तिथे वकील लागत नसे. पण त्या काळाचे गोडवे मला गाता येत नाहीत. पंच सगळे पुरुष, त्यांच्यापुढे बाईच्या वतीने बोलणार तो तिचा बाप नाहीतर भाऊ, आणि निकाल मानला नाही तर सगळं घर वाळीत.

इंग्रजांच्या न्यायालयांनी पंचांचा हा अधिकार हळूहळू काढून घेतला. पहिला नवरा हयात असताना जातीच्या परवानगीने दुसरं लग्न लागलं, असा एक फौजदारी खटला 1876 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असा निकाल झाला. जातीने हो म्हटलं म्हणून प्रामाणिकपणे लग्न केलं, हा बचाव चालला नाही. म्हणजे जी गोष्ट आईने आणि आजीने उजळ माथ्याने केली, तीच आता दंडसंहितेत गुन्हा ठरली.

पैसे भरून बायकोला घराबाहेर काढायची वाट न्यायालयाने बंद केली, हे चांगलंच झालं. पण मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडून सुटायची वाटही त्याच निकालांनी बंद झाली, आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. उलट बायकोला नांदायला आणण्याचा दावा मात्र नवऱ्याला मिळाला. नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवर 1884 साली तो झाला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि 1887 मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये नवऱ्याला 2000 रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. पण ती तडजोड होती. लग्न मोडून मागण्याचा हक्क त्यांच्याजवळ तेव्हाही नव्हता.

तो हक्क बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात 1931 मध्ये कायद्याने आला. मुंबई प्रांतात यायला 1947 उजाडलं. मुंबईच्या कायद्यात कारणं मोजकीच होती. त्यातलं एक म्हणजे सलग चार वर्षं सोडून जाणं. या कायद्याखालचा एक खटला मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलामुलीला वाचायला लावते, कारण तो उभा राहिला आणि पडला तो एका वकिली नोटिशीमुळे.

नवरा मुंबईचा, बायकोचं माहेर जळगावचं. तिने दुसऱ्या एका माणसाला लिहिलेलं पत्र घरात सापडलं, नवऱ्याने जाब विचारला, आणि मे 1947 मध्ये ती जळगावला निघून गेली. जुलैत नवऱ्याने सॉलिसिटरकडून नोटीस पाठवली: आमचे अशील यापुढे तुम्हाला सांभाळायला तयार नाहीत, मुलाला पाठवून द्या. ती नोटीस ज्याने सांगितली त्याला ती फार कडक आणि फार छान वाटली असणार. पुढच्या वर्षी मुलीला परत पाठवतो असं सासऱ्याने कळवलं, तर जावयाने तार केली की पाठवू नका. मग चार वर्षं भरल्यावर त्याने दावा लावला की बायको मला सोडून गेली. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे तो जिंकला. 1952 मध्ये तिथल्याच मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या खंडपीठाने निकाल फिरवला आणि 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निकाल कायम ठेवला. नोटिशीत ‘परत ये’ असा एकही शब्द नाही. दार आतून लावून घेणाऱ्याला, ती बाहेर राहिली अशी तक्रार करता येत नाही.

घटस्फोटाच्या वकिलाचं खरं काम या खटल्यात दिसतं. भांडण ताजं असतं, अशील रागाने थरथरत असतो, आणि त्याला नोटिशीत सगळं ओकायचं असतं. अशा वेळी ‘आज काही पाठवायचं नाही, आठ दिवसांनी या’ म्हणणारा वकील मिळाला तर त्याला सोडू नका.

1955 चा हिंदू विवाह कायदा आला तरी छळ हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. छळ सिद्ध झाला तर फक्त न्यायिक विभक्तता मिळायची. वेगळं राहा, पण लग्न तसंच. पुण्यात 1962 मध्ये एका नवऱ्याने लावलेला दावा 1975 पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी ठरवलं की इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा नको, शक्यतेचं पारडं झुकलं की पुरे. त्या मापाने बायकोकडून छळ झाला हे सिद्धही झालं. पण नंतर दोघं नवराबायको म्हणून एकत्र राहिली होती, म्हणजे माफी झाली, असं म्हणून दावा फेटाळला गेला. तेरा वर्षं चार न्यायालयांत घालवून तो माणूस होता तिथेच राहिला. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, छळ आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणं झाली आणि परस्पर संमतीचा मार्गही उघडला.

आज वादाचा दावा चालतो तो या सगळ्या निकालांच्या पायावर. याचिकेत आरोप तारीखवार लिहावे लागतात. ‘खूप त्रास दिला’ एवढ्याने काही होत नाही. समोरची बाजू कैफियत देते, समुपदेशक दोघांना बोलावून समेट होतो का बघतात, न्यायाधीश मुद्दे काढतात. मग सरतपासणीचं शपथपत्र आणि त्यावर उलटतपास. उलटतपासात माणूस सगळ्यात जास्त खचतो. शेजघरातल्या गोष्टी परक्या माणसाने मोठ्याने विचारायच्या आणि आपण स्टेनोला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तरं द्यायची. कायद्याने सुनावणी बंद दाराआड होते, तरी माझ्या अशिलांचे हात गार पडलेले मी बघितले आहेत.

1984 च्या कुटुंब न्यायालयाच्या कायद्याने वकील हा पक्षकाराचा हक्क ठेवला नाही. 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली तेव्हा वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज द्यावा लागे. हेतू चांगला होता, दोघांनी समोरासमोर बोलावं. पण न्यायाधीशांसमोर तोंड न उघडणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्या, आणि शेजारी भडाभडा बोलणारा नवरा. त्या बायकांना आपल्या वतीने बोलणारं माणूस हवंच होतं. आता परवानगी सहसा मिळते.

वकील ठरवताना लोक विचारतात, किती दिवसांत निकाल? कायदा म्हणतो सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा; वर्षं लागतात, आणि जो पक्की तारीख सांगतो त्याच्याकडे जाऊ नये. फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या. पोटगीतला हिस्सा मागणारा वकील नियमच मोडतो. वकील बदलायचा झाला तर फी थकली म्हणून त्याला तुमचे कागद अडवता येत नाहीत. बाईजवळ पैसे नसतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता फुकट मिळतो, आणि महाराष्ट्रात 1994 पासून घटस्फोट आणि पोटगीच्या कामांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे डोरलं मोडून फी घेऊन आलेल्या बायका मला भेटल्या आहेत. आणि स्टॅम्पपेपरवर फारकतनामा करून ‘आमचा घटस्फोट झालाय’ म्हणणारी जोडपी आजही येतात. जातीची रूढी सिद्ध झाली तरच तो कागद टिकतो, आणि रूढी सिद्ध करणं फार अवघड असतं.

लग्न पार मोडून पडलंय, एवढंच कारण आपल्या कायद्यात अजून नाही. ते आणणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केलं आणि पुढे ते बारगळलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणावर लग्न मोडण्याचा आपला अधिकार स्पष्ट केला, पण तो अधिकार फक्त त्याच न्यायालयाचा. पुण्यातल्या न्यायाधीशाला आजही कोणाचा तरी दोष शोधावा लागतो. मला हे कारण कायद्यात हवं आहे, मात्र घरात आणि मिळकतीत बायकोचा वाटा त्याच कलमात लिहूनच. तसं झालं नाही तर 1915 मध्ये नाकारलेली ती जुनी चाल, रक्कम भरा आणि बायकोला काढा, आपण आपल्या हाताने परत आणू.