हलत्या बोटीत झोपायचं कसं? झोळीपासून 'सुहैली'च्या बर्थपर्यंत

ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इअरफोनने दगा दिला असेल, तर हा घ्या या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, तेवढं दुरुस्त केलंय. बाकी बोललो तसंच.

सुरुवात समुद्रापासून नाही, आंबा घाटापासून करू. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून रत्नागिरीला स्लीपर बसने निघालो होतो. वरचा डबल बर्थ मला एकट्याला मिळाला. म्हटलं, लॉटरीच लागली! मऊ गादी, पाय पसरायला ऐसपैस जागा. घाट सुरू झाला आणि मी या कडेवरून त्या कडेवर लोळायला लागलो. झोप लागतेय असं वाटलं की वळण यायचं आणि पोटाचे, मानेचे स्नायू आपोआप आवळले जायचे. समोरच्या अरुंद सिंगल बर्थमध्ये एक काका होते. त्यांनी दोन्ही बाजूंना पिशव्या कोंबल्या होत्या, आणि ते साखरप्यापर्यंत निवांत घोरत होते.

तेव्हा डोक्यात आलं, की जी जागा स्वतःच हलतेय तिथे आरामदायी बिछाना म्हणजे नक्की काय? मऊ? मोठा? बस घाटात तासभर वळते. तीस फुटी शिडाची बोट महिनोन्‌महिने अशीच हलत असते, आणि तिच्यावरच्या माणसाला झोप मिळाली नाही तर तो चुका करतो. समुद्रात चूक म्हणजे खडक, मोठ्या जहाजाशी टक्कर किंवा थेट पाण्यात. म्हणून आजचा विषय बोटीतला बिछाना. ऐकायला किरकोळ वाटतो, पण याच्यात जीव अडकलेले आहेत.

चला १४९२ मध्ये. कोलंबसची तीन जहाजं. त्यातलं 'निन्या' अंदाजे वीस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक लावल्यासारखं. त्यावर चोवीसेक माणसं. कप्तान आणि एखाद-दुसरा अधिकारी सोडला तर कुणालाही ठरलेला बिछाना नव्हता. खलाशी डेकवर, दोरखंडांच्या वेटोळ्यांत, जिथे अंग टेकेल तिथे झोपायचे. पाणी वाहून जावं म्हणून डेकला मधून उंचवटा असतो, त्यामुळे सपाट जागेसाठीही मारामार. लाट आली की अंथरूण भिजलं.

ऑक्टोबरमध्ये हे लोक बहामा बेटांवर पोचले. तिथल्या तायनो लोकांच्या घरांत त्यांनी सुती जाळ्यांसारखे, टांगलेले बिछाने पाहिले. तायनो त्याला 'हमाका' म्हणायचे. त्यावरून स्पॅनिश शब्द आला आणि पुढे इंग्रजी 'हॅमॉक'. आपल्याकडे? अहो, झोळी! आईच्या जुन्या लुगड्याची, आढ्याला टांगलेली. आपल्यापैकी निम्म्यांची पहिली झोप तिच्यातच झाली असेल.

झोळी जहाजात इतकी चांगली का चालली, याचं कारण एकदम साधं आहे. जहाज मुख्यतः डावी-उजवीकडे डोलतं. झोळीच्या दोन खुंट्या जहाजाच्या लांबीच्या दिशेने, एक पुढे आणि एक मागे ठोकल्या की झोळी लंबकासारखी सरळ खाली लोंबत राहते. जहाज तिच्याभोवती डोलतं आणि आतला माणूस जवळजवळ जागच्या जागी. शिवाय कापड दोन्ही बाजूंनी अंगाला वेढून घेतं, पडायची भीती नाही. ओल्या डेकपासून सुटका. सकाळी गुंडाळून ठेवली की जागा मोकळी. एवढे सगळे फायदे, आणि लागतं काय, तर एक कापड आणि दोन दोर! आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा डिझाइनसाठी जीव टाकतो.

हे ज्यांनी दिलं त्यांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. पुढच्या पन्नासेक वर्षांत युरोपातून आलेले रोग, सोन्याच्या खाणीतली वेठबिगार आणि हिंसा यांत तायनो समाज जवळपास मोडून पडला. त्यांचं अंथरूण मात्र जगभरच्या जहाजांवर पोचलं. इंग्रजांच्या आरमाराने १५९७ मध्ये टांगत्या बिछान्यांसाठी कॅनव्हास घ्यायला पैसे मंजूर केले. नेल्सनच्या काळात एका खलाशाला झोळी टांगायला जागा मिळायची १४ इंच. चौदा! अर्धे लोक पहाऱ्यावर असायचे म्हणून प्रत्यक्षात २८ इंच. 'एचएमएस व्हिक्टरी'वर अशी आठशेच्या वर माणसं होती. पण मोठ्या जहाजांचा विषय इथेच सोडतो, कारण आपली गोष्ट छोट्या बोटीची आहे आणि छोट्या बोटीत झोळी फसते.

का फसते? एक तर जागा. झोळीला अडीच-तीन मीटर मोकळी लांबी हवी, वर दोन्हीकडे हलायला अंतर हवं. तीस-बत्तीस फुटी बोटीची केबिन म्हणजे मुंबईतल्या वन आरकेच्या किचनएवढी, त्यात मध्ये कुठेतरी डोलकाठी किंवा तिचा खांब. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. मोठं जहाज सावकाश डोलतं, एका डुलण्याला आठ-दहा सेकंद तरी घेतं. छोटी बोट दोन ते चार सेकंदांत इकडून तिकडे. आणि मीटरभर लोंबणाऱ्या झोळीचा स्वतःचा झोका साधारण दोन सेकंदांचा! बारावीचं फिजिक्स आठवा: रेझोनन्स. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का मिळत गेला की तो चढतच जातो. त्यामुळे जी झोळी मोठ्या जहाजात माणसाला स्थिर ठेवते, तीच छोट्या बोटीत त्याला भिंतीवर नेऊन आपटते.

म्हणजे मोठ्या जहाजात उपाय होता बोटीपासून अंग सुटं करण्याचा. छोट्या बोटीत उलटं, अंग बोटीलाच घट्ट बसवायचं. आणि इथून एक त्रांगडं सुरू होतं, कारण माणूस घट्ट बसवला की तो अडकतोसुद्धा.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण 'जेम्स केअर्ड'. १९१६. शॅकलटनचं जहाज 'एन्ड्युरन्स' बर्फात चिरडून बुडालं होतं, माणसं एलिफंट बेटावर अडकली होती. मदत आणायला शॅकलटन आणि पाच जण एका साडेबावीस फुटी बोटीतून निघाले. २४ एप्रिल ते १० मे, दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत, तेराशे किलोमीटरहून जास्त, जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रातून. सुतार मॅकनिश याने निघण्याआधी बोटीच्या कडा वाढवल्या होत्या आणि स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास वापरून वरून छप्परवजा डेक केला होता. बोट उलटू नये म्हणून तळात दगड भरले होते. त्या दगडांवर झोपायचं! तिघे पहाऱ्यावर, तिघे आत, चार-चार तासांच्या पाळ्या. पुढच्या निमुळत्या टोकात, डेकखाली, सरपटतच शिरावं लागायचं. अंगाखाली दगड, आणि अंगावर रेनडिअरच्या कातड्याची स्लीपिंग बॅग, जी कधीच सुकली नाही. कातड्याचे केस गळायचे, ते जेवणात पडायचे आणि पाणी उपसायच्या पंपातही अडकायचे. बोटीवर बर्फ साचून ती जड झाली तेव्हा दोन बॅगा समुद्रात फेकून दिल्या. बिछाना फेकून जीव वाचवला म्हणा ना. पण मला या सगळ्यात लक्षात राहिली ती वर्स्लीची आठवण. हा बोटीचा दिशादर्शक, कणखर माणूस. त्या कपारीत दचकून जागा झाला की आपल्याला जिवंत पुरलंय असं त्याला वाटायचं.

आता आपल्या मुंबईत येऊ. हो, या गोष्टीत मुंबई आहे, आणि चांगली मध्यभागी आहे.

१९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण ब्रिटिश अधिकारी या भागात नोकरीला होता. त्याने कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतःसाठी बोट बांधून घेतली. ३२ फूट, अस्सल सागवान, नॉर्वेच्या जुन्या जीवरक्षक बोटींच्या घाटणीची. इथल्या सुतारांनी परंपरागत हत्यारांनी घडवलेली. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. नाव 'सुहैली', आखाती समुद्रातल्या वाऱ्यावरून. हीच बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फॅल्मथमधून गोल्डन ग्लोब शर्यतीत निघाला. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले होते, पूर्ण केली फक्त त्याने. ३१२ दिवस लागले.

३१२ दिवस त्या केबिनमध्ये झोपायचं! अशा बोटीत समुद्रावर झोपायचे काही नियम खलाशांनी पिढ्यान्‌पिढ्या अंग शेकून घेत शिकलेत. पुढच्या टोकाला झोपायचं नाही. सी-सॉ आठवा, टोकाला बसलेला सगळ्यात जास्त उडतो. बोटीच्या मध्याजवळ, जितकं खाली तितकं चांगलं. बर्थ अरुंद हवा, खांद्याशी वीस-एकवीस इंच पुरे. आणि कडेला 'ली-क्लॉथ', म्हणजे कॅनव्हासची उभी पट्टी. तिची खालची कड गादीखाली फळीला ठोकलेली, वरची कड दोरांनी छताच्या कडीला ताणलेली. बोट कलली की तुम्ही त्या कापडात विसावता, अर्धी झोळीच झाली ती! मग स्नायू आवळून धरायची गरज राहत नाही, आणि तेव्हाच खरी झोप लागते. जाहिरातीतल्या फोटोंत पुढच्या टोकाला तो पंचकोनी ऐसपैस बेड दिसतो ना, तो बंदरात नांगर टाकून झोपायला छान. फोटोही बंदरातच काढलेला असतो.

गादीची गोष्ट वेगळीच. समुद्राचं पाणी अंगावर सुकलं की मीठ मागे राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं काय होतं ते बघा, तसंच अंथरुणाचं. एकदा खारं पाणी लागलेली चादर उन्हात वाळवली तरी संध्याकाळी पुन्हा दमट. उपाय एकच, गोड्या पाण्याने धुणं, आणि गोडं पाणी तर मोजून प्यायचं असतं. म्हणून जाणते लोक खारे कपडे बिछान्यापर्यंत येऊच देत नाहीत. गादीखाली सलग फळीऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या टाकतात, नाहीतर अंगाची वाफ खाली थंड फळीवर जमून गादी तळातून भिजते. माझ्या मते गादी किती जाड यापेक्षा ती खालून कोरडी राहते का, हा प्रश्न दहापट महत्त्वाचा.

तर, सप्टेंबर १९६८. 'सुहैली' आफ्रिकेच्या दक्षिणेच्या वादळी पट्ट्यात शिरली होती. रात्री नॉक्स-जॉन्स्टन दमून बर्थमध्ये पडला, थंडीसाठी वरून कॅनव्हास ओढून घेतलं. जाग आली ती अंगावर जड सामान कोसळल्यामुळे. मिट्ट काळोख, कंदील विझलेला, बोट पूर्ण आडवी. उठायला गेला तर अंगावरचं कॅनव्हास पडलेल्या सामानाने इतकं दाबलं गेलेलं, की निघता येईना. वर्स्लीसारखंच. तेवढ्यात बोट झटक्यात सरळ झाली आणि हा केबिनच्या पलीकडच्या बाजूला फेकला गेला. डोलकाठ्या गेल्याच असणार असं त्याला वाटलं, पण त्या शाबूत होत्या. केबिनच्या जोडांना मात्र चहूबाजूंनी भेगा पडल्या होत्या. मुंबईच्या सागवानाने तग धरला, त्याने डागडुजी केली आणि पुढे निघाला. म्हणूनच ली-क्लॉथचे दोर एका हिसक्यात सुटतील अशा गाठीने बांधतात. पकडलं पाहिजे, पण सोडताही आलं पाहिजे.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ती शर्यत जुन्याच पद्धतीने पुन्हा भरवली गेली. भारतीय नौदलाचा अभिलाष टॉमी त्यात होता. २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'वरून न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय तो. त्याच 'म्हादेई'वर आधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी थांबे घेत एकट्याने प्रदक्षिणा केली होती. ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. आणि २०१८ साठी दांडेकरांनीच अभिलाषला 'सुहैली'ची हुबेहूब प्रतिकृती बांधून दिली, 'थुरिया'.

२१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियापासून तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर, वादळाने 'थुरिया' लोळवली. डोलकाठी मोडली. अभिलाषच्या पाठीला जबर दुखापत झाली, उभं राहता येईना. तो कसाबसा आत आला आणि बर्थमध्ये पडला. तिथून त्याने मेसेज पाठवला की उठता येत नाही. पाणी प्यायलं तरी उलटी होत होती. हाताच्या अंतरावरची आणीबाणीची पिशवी गाठणंही अवघड होतं. डोलकाठी गेलेली बोट आणखी हिसक्यांनी डोलते, कारण उंचावरचं ते वजन तिचं डोलणं सावकाश करत असतं. मोडलेली पाठ घेऊन तो त्या अरुंद जागेत तीन दिवस होता. तीच जागा त्याला धरून होती, आणि त्याच जागेतून त्याला बाहेर पडता येत नव्हतं.

नौदलाचं विमान मॉरिशसहून उडून त्याच्यावरून घिरटी घालून आलं. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन तात्पुरतं शीड उभारून त्याच्याच दिशेने निघाला होता. २४ तारखेला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज पोचलं. त्यांची माणसं छोट्या रबरी बोटीतून 'थुरिया'वर चढली आणि त्याला बर्थमधून उचलून घेऊन गेली.

पुढे मणक्यात टायटॅनियम बसवून तो पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २९ एप्रिल २०२३ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुसरा आला.

एपिसोड इथेच थांबवतो. तुमच्यापैकी कुणी मच्छीमारी बोटीवर किंवा जहाजावर रात्री काढल्या असतील, तर कसं झोपता ते व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. आणि हो, परवा परत रत्नागिरीला गेलो. सिंगल बर्थ घेतला. एका बाजूला सॅक, दुसऱ्या बाजूला आईने दिलेली फणसपोळीची पिशवी. साखरपा कधी गेलं कळलं नाही.