लॅपटॉप संगणक : निवड व खरेदी

लॅपटॉप : पडदा, कळफलक, बॅटरी आणि संगणनाची सारी सामग्री एकाच मिटत्या पेटीत सामावलेला, उचलून नेण्याजोगा वैयक्तिक संगणक. या संज्ञेसाठी मराठी प्रतिशब्द सुचविण्यात आले असले, तरी बाजारात, शाळेत व कचेरीत ‘लॅपटॉप’ हाच शब्द रूढ झाल्याने येथे तोच योजिला आहे. यंत्राच्या रचनेचा समग्र परामर्श प्रस्तुत नोंदीत अभिप्रेत नाही. आपल्या कामाला व ऐपतीला अनुरूप असे यंत्र ग्राहकाने कसे पारखावे, एवढाच विषय विचारात घेतला आहे.

पूर्वपीठिका : पुस्तकासारखा बाळगता येईल अशा संगणकाची कल्पना ॲलन के या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने सविस्तर मांडली, आणि ती प्रामुख्याने मुलांच्या शिक्षणाचा विचार करून मांडली. व्यापारी यश मिळविणारे पहिले वाहून नेण्याजोगे यंत्र म्हणून १९८१ च्या ‘ऑस्बोर्न १’ चा निर्देश सामान्यतः केला जातो. त्याचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम, पडदा अवघा ५ इंचांचा व किंमत १,७९५ डॉलर होती. आणि भिंतीतील विजेची जोडणी असल्यावाचून ते चालत नसे. त्याचे निर्माते ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले व २००३ मध्ये त्यांचे निधन कोडाईकनाल येथे झाले. पुढील मॉडेलची वाच्यता वेळेपूर्वी झाल्याने ग्राहक थांबून राहिले आणि त्यामुळेच १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. इतर कारणांनाही महत्त्व देणारे अभ्यासक आहेत. तथापि पुढचे मॉडेल येईपर्यंत खरेदी लांबणीवर टाकण्याची वृत्ती ग्राहकांत आजही आढळते. हाताशी असलेले यंत्र काम निभावून नेत असेल तरच तसे थांबणे हिताचे. काम अडले असता थांबू नये.

पडदा कळफलकावर मिटविण्याची, आज सर्वपरिचित झालेली रचना १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ या यंत्रात बिल मॉग्रिज यांनी योजिली. १९९१ मध्ये ॲपलच्या ‘पॉवरबुक’ने कळफलक मागे सरकवून पुढे तळहात टेकण्यास जागा दिली. लिहिणाऱ्याच्या मनगटाचा विचार करणारी ही सुधारणा पुढे इतरांनीही स्वीकारली.

निवडीचे मूलतत्त्व : विक्रेत्याच्या फलकावर ज्या गुणांची जाहिरात ठळक असते, ते बहुधा आकड्यांत सांगता येणारे गुण असतात, आणि रोजच्या वापरात सुख वा त्रास देणारी जी अंगे, म्हणजे कळफलक, पडदा, बिजागरी व उष्णता, त्यांचा मात्र फलकावर क्वचितच उल्लेख असतो. म्हणून खरेदीस निघण्यापूर्वी आपल्या कामाची यादी करून, यंत्राच्या अंगांचे दोन वर्ग पाडावेत : जी अंगे पुढे बदलता येतात ती एका बाजूस, आणि यंत्राच्या अखेरच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी सोसावी लागतात ती दुसऱ्या बाजूस. साठवणाची एसएसडी व बॅटरी बहुतेक यंत्रांत बदलता येतात. पडदा, कळफलक, प्रोसेसर आणि मदरबोर्डवर डाखून बसविलेली रॅम ही अंगे व्यवहारतः बदलत नाहीत. अंदाजपत्रक तोकडे असेल तर पैसा आधी दुसऱ्या वर्गावर खर्च करावा व पहिल्या वर्गातील उणीव पुढे यथावकाश भरून काढावी, असे प्रस्तुत लेखकाचे निश्चित मत आहे.

कळफलक : मराठीत लेखन करणाऱ्यास या अंगाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. भारतीय लिपींसाठीची ‘इनस्क्रिप्ट’ ही कळमांडणी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरविली व १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिचा अंतर्भाव झाला. तिच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा वाटा मोठा आहे. या मांडणीत बहुतांशी स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे येतात. त्यामुळे इंग्रजीत केवळ विरामचिन्हांपुरत्या लागणाऱ्या उजव्या कडेच्या कळा मराठीत नित्याच्या अक्षरांच्या होतात : अर्धविरामाच्या कळीवर ‘च’, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर ‘ट’, चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’, तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’, आणि उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर ‘ऑ’ची मात्रा. लहान आकाराच्या यंत्रांत जागा वाचविण्यासाठी नेमक्या याच कळा अरुंद केलेल्या किंवा जागा बदलून बसविलेल्या आढळतात. इंग्रजी लिहिणाऱ्यास ही गैरसोय जाणवतही नाही. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र दर ओळीत चुकते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे दुकानातच लिहून पाहणे. विंडोजच्या भाषा-मांडणीत मराठी कळफलक जोडण्यास दोन-तीन मिनिटे लागतात व नेक विक्रेता त्यास हरकत घेत नाही. ‘डॉक्टरांच्या दुसऱ्या चिठ्ठ्या’ एवढे तीनच शब्द दहा वेळा लिहावेत. त्यांत उजव्या कडेच्या उपर्युक्त सर्व कळा येतात, शिवाय ‘ऱ्या’ हे मराठीचे खास रूप शिफ्ट दाबून येते की नाही, याचीही परीक्षा होते. लिहिताना कळ खाली जाऊन निश्चित थांबल्याचे बोटाला कळले पाहिजे. नंतर कळफलकाच्या मध्यभागी अंगठ्याने हलका दाब द्यावा. पृष्ठभाग ताटलीसारखा आत दबत असेल तर पेटी कच्ची आहे असे समजावे. रोमन अक्षरांतून मराठी उमटविणाऱ्यांना कडेच्या कळांची अडचण येत नाही. दोहोंपैकी कोणती पद्धत श्रेयस्कर हा वाद येथे अप्रस्तुत आहे.

मुद्रणव्यवसायात युनिकोडपूर्व फाँटांतील मजकुराचा जुना संग्रह असल्यास, तो उघडणारी आज्ञावली नव्या यंत्रावर चालते याची खातरजमा पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी.

पडदा : देवनागरी अक्षर शिरोरेघेच्या वर व खाली दोन्हीकडे वाढते, म्हणून ज्या पडद्यावर इंग्रजी मजकूर सुवाच्य दिसतो त्यावर मराठी तसाच दिसेल असे गृहीत धरू नये. १३६६ × ७६८ बिंदूंचे पडदे आता मागे पडत असले, तरी स्वस्त व जुन्या यंत्रांत अद्याप भेटतात. अशा पडद्यावर बारीक अक्षरात ‘सर्वांत’ हा शब्द लिहिल्यास रफार व अनुस्वार एकमेकांत मिसळून एक डाग दिसतो. लेखन-वाचनासाठी १९२० × १०८० हे किमान प्रमाण मानावे. १९२० × १२०० मिळाल्यास पानाच्या उंचीला १२० बिंदू अधिक लाभतात व मुद्रितशोधनात त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. पडद्याचा प्रकार आयपीएस असावा, म्हणजे बाजूने पाहता रंग उलटत नाहीत. तकतकीत पडद्यावर डोक्यावरची ट्यूबलाइट उमटते, यास्तव वर्गात वा कचेरीत बसून काम करणाऱ्याने निस्तेज पृष्ठभागाचा पडदा पसंत करावा. तेजस्वितेचे माप ‘निट’ या एककात देतात. २५० निट घरात पुरतात, खिडकीशेजारी बसणाऱ्यास ३०० वा त्याहून अधिक लागतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा शेरा असेल तर रंग फिके समजावेत आणि छायाचित्रण, मुखपृष्ठरचना इत्यादी कामांसाठी ते यंत्र नामंजूर करावे.

प्रोसेसर व रॅम : नावातील मोठा आकडा म्हणजे मोठी शक्ती, ही समजूत ग्राहकाला सर्वाधिक महागात पडते. उदाहरणार्थ, एएमडीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ व ‘रायझन ५ ७५३०यू’ या दोन प्रोसेसरांच्या नावांत एकाच अंकाचा भेद दिसतो. पण या मालिकेत तिसरा अंक अंतर्रचनेची पिढी सांगतो, आणि पहिला प्रोसेसर ‘झेन २’ या जुन्या रचनेचा, तर दुसरा ‘झेन ३’ चा आहे. इंटेलच्या नावांतही शेवटचे अक्षर वाचावे : ‘यू’ हे कमी वीज खाणाऱ्या व ‘एच’ हे अधिक वीज व उष्णतेच्या मोबदल्यात अधिक वेग देणाऱ्या प्रोसेसराचे चिन्ह आहे. पत्रव्यवहार, अध्यापन, हिशेब व लेखन यांना मध्यम प्रतीचा ‘यू’ वर्ग सर्वथा पुरतो. रॅम ८ जीबी असल्यास आजचे काम भागते. परंतु ती मदरबोर्डवर डाखलेली असून जादा खाचही नसेल, तर १६ जीबीच घ्यावी, कारण ती उणीव पुढे भरून काढण्याची तजवीजच उरत नाही. ‘रॅमसाठी मोकळी खाच आहे काय?’ हा प्रश्न दुकानात अवश्य विचारावा.

साठवण : एसएसडीच घ्यावी. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींतील तो फरक आहे.

बॅटरी व वजन : ‘दहा तास’, ‘बारा तास’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपेक्षा बॅटरीवर छापलेला वॉट-तासांचा आकडा विश्वसनीय होय. ५० वॉट-तासांची बॅटरी सरासरी १० वॉट खर्चणाऱ्या यंत्राला पाच तास पुरते, हा हिशेब कोणालाही करता येतो. विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीवाचून नेता येते. म्हणून मोठ्या यंत्रांच्या बॅटऱ्याही सहसा याच मर्यादेच्या आत ठेवतात. दररोज लोकलने वा एसटीने जाणाऱ्याने वजन पाहताना चार्जर धरून पाहावे. यूएसबी-सी जोडणीतून चार्ज होणारे यंत्र असल्यास, मूळ चार्जर हरवला तरी पुरेशा वॉटचा दुसरा सहज मिळतो.

कार्यप्रणाली : विंडोज, मॅकओएस, क्रोमओएस व लिनक्स यांच्या सापेक्ष श्रेष्ठतेविषयी मतैक्य नाही. आपल्या कामाची विशिष्ट आज्ञावली कोणत्या प्रणालीवर चालते, हे पाहूनच निर्णय करावा. २०२० पासूनच्या ॲपल-निर्मित प्रोसेसरांच्या मॅकबुकांत रॅम मागाहून वाढविता येत नाही. लिनक्स विनामूल्य असून तीत मराठी इनस्क्रिप्टची सोय असते.

वापरलेली यंत्रे : मोठ्या कंपन्यांच्या दप्तरांतून मुदतीअंती बाहेर पडलेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात, आणि तोकड्या अंदाजपत्रकात चांगला कळफलक व मजबूत पेटी मिळविण्याचा हा बहुधा सर्वांत किफायतशीर मार्ग आहे. त्यात तीन गोष्टी जातीने तपासाव्यात. पहिले, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ साठी टीपीएम २.० व इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेतल्यास लिनक्सची तयारी ठेवावी. दुसरे, विंडोजच्या बॅटरी-अहवालात मूळ धारणक्षमता व सध्याची क्षमता शेजारी शेजारी दिलेल्या असतात. मूळ ५० व सध्याची ३० वॉट-तास असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. तिसरे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जुन्या मालकाचा पासवर्ड नाही हे स्वतः पाहावे. तो असल्यास सौदा मोडावा.

किंमत व कागदपत्रे : लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतल्यास व्यवसायापुरती त्याची वजावट मिळते. आयकराच्या हिशेबात संगणकावरील घसारा ४० टक्के दराने धरतात. बिलावरील अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा, अन्यथा वॉरंटीचा दावा रुजू होताना अडचण येते. सारी रक्कम यंत्रावरच न संपविता, कामाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एका बाह्य डिस्कपुरता पैसा राखून ठेवावा.

खेळांसाठीचे लॅपटॉप : यांत स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर असतो.

विल्हेवाट : निकामी यंत्र व विशेषतः फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.