भाड्याच्या जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडे



देवळ्यात उभं राहून अंटार्क्टिकावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्याकडे घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, आणि बर्फ म्हणजे गारपीट, तीही डाळिंबाचं नुकसान करून जाणारी. पण आजचा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. तो का, ते शेवटी येईलच.

आपल्या पाठ्यपुस्तकांत या विषयाची एकच तारीख असते. ९ जानेवारी १९८२. त्या दिवशी भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकावर उतरली. तिरंगा, फोटो, अभिनंदन. पुढच्या वर्षी टपाल तिकीटही निघालं. आम्ही इतिहास शिकवणारी माणसंसुद्धा तिथेच थांबतो. पण एक साधा हिशोब करून पाहू. ही मोहीम गोव्याहून निघाली ६ डिसेंबर १९८१ ला आणि परत आली २१ फेब्रुवारी १९८२ ला. म्हणजे साधारण ७७ दिवस. पोहोचायलाच महिनाभराच्या वर गेला. बर्फावरचे दिवस त्यातले थोडेच, बाकी सगळे जहाजावरचे. मग मोहिमेचा इतिहास म्हणजे खरं तर जहाजाचा इतिहास नको का?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५६ मध्येच भारताने संयुक्त राष्ट्रांत अंटार्क्टिकाचा प्रश्न उपस्थित केला होता. या खंडाचा वापर शांततेसाठी व्हावा, मूठभर देशांनी तो वाटून घेऊ नये, हा मुद्दा होता. १९५९ मध्ये अंटार्क्टिक करार झाला. सही करणाऱ्या १२ देशांत आपण नव्हतो. आपले काही लोक तिकडे जाऊन आले होते, पण दुसऱ्यांच्या मोहिमांतून. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे परमजितसिंग सेहरा हे सोव्हिएत मोहिमेबरोबर गेले आणि तिथला हिवाळा काढून आले. म्हणजे पाहुणे म्हणून गेलो होतो, यजमान म्हणून नाही. आणि त्या करारात मत द्यायचा हक्क हवा असेल, तर तिथे जाऊन भरीव संशोधन करून दाखवावं लागतं. नुसतं भाषण चालत नाही.

जुलै १९८१ मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग काढला. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम, स्वतः सागरशास्त्रज्ञ, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. जुलैमध्ये विभाग, डिसेंबरमध्ये मोहीम! पाच महिन्यांत २१ जणांची तुकडी तयार झाली. फारसा गाजावाजा न करता. आणि जहाज? बर्फात चालणारं जहाज आपल्याकडे नव्हतंच. ते नॉर्वेकडून भाड्याने घेतलं. नाव 'पोलर सर्कल', म्हणजे ध्रुववृत्त. हा 'भाड्याने' शब्द लक्षात ठेवा.

आता जहाजावर चढू. गोवा १५ अंश उत्तरेला, पोहोचायचं ७० अंश दक्षिणेला. म्हणजे ८५ अंशांचा प्रवास, आणि तो सरळ उन्हाळ्यातून थंडीत. विषुववृत्तापर्यंत डेकवर उकाडा. मग ४० अंश दक्षिण आलं की खलाशी ज्याला 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात तो पट्टा सुरू होतो. आपल्याकडे चाळिशी लागली की चष्मा येतो, तिथे चाळिशी लागली की उलट्या सुरू होतात. (हशा) त्यापुढे खवळलेली पन्नाशी. या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वारा पृथ्वीला गोल फेरी मारतो आणि लाटा उंच होत जातात.

बर्फासाठी बांधलेल्या जहाजांची एक गंमत आहे. बर्फाने दाबलं तर चिरडू नये म्हणून बऱ्याचदा त्यांचा तळ गोलसर ठेवतात. बर्फात तो फायद्याचा, पण उघड्या समुद्रात असं जहाज पाळण्यासारखं डोलतं. म्हणून टेबलांना कडा असतात, खुर्च्या बांधून ठेवतात, ताट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं पसरतात. प्रयोगशाळेत काचेची एकही बाटली मोकळी ठेवता येत नाही. झोपतानासुद्धा माणूस अंग अडकवून झोपतो. शास्त्रज्ञ असो की स्वयंपाकी, सगळे सारखेच आडवे.

जेवणाचंही तसंच. लांबच्या सफरीत आधी संपते पालेभाजी, मग फळं. शेवटपर्यंत साथ देतात बटाटे आणि कांदे. उमराण्याच्या बाजारात कांदा आणणाऱ्यांना हे सांगायला नको. हवा खेळती असेल तर कांदा टिकतो, हे आपल्या चाळींनी शिकवलंय तेच जहाजालाही लागू.

आणि मग एके दिवशी समुद्र एकदम शांत होतो. कारण बर्फ आलेला असतो. तरंगत्या बर्फाचे थर लाटांना दाबून टाकतात. डोलणं थांबतं आणि आवाज सुरू होतो. जहाजाच्या पत्र्यावर बर्फ घासण्याचा, आपटण्याचा आवाज. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य मावळतच नाही. घड्याळात रात्रीचे दोन, बाहेर लख्ख ऊन. हेलिकॉप्टर वर जाऊन वाट बघतं, बर्फात फट कुठे आहे ते सांगतं, आणि जहाज थोडं पुढे, थोडं मागे असं सरकत राहतं. काही वेळा नुसतं थांबावं लागतं.

आता येऊ तिसऱ्या मोहिमेकडे, आणि एका मराठी बाईंकडे. ही मोहीम ३ डिसेंबर १९८३ ला गोव्याहून निघाली. नेते डॉ. हर्ष गुप्ता, माणसं ८१, जहाज फिनलंडचं 'फिनपोलारिस'. तेही भाड्याचंच. या जहाजावर दोन महिला होत्या, भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेत गेलेल्या पहिल्या महिला. भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत.

अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, १९४३ चा. घराणं औंधचं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, आपल्या छोट्या संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारे औंधचे राजे भवानराव हे त्यांचे आजोबा, आणि राजदूत अप्पासाहेब पंत हे वडील. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी., मग हवाई, मग लंडनला पीएच.डी. आणि त्यानंतर गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. समुद्रशास्त्राकडे त्या वळल्या त्या ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकामुळे. एक पुस्तक माणसाला कुठवर नेतं बघा.

त्यांचं काम काय? समुद्रातल्या अन्नसाखळीचा अभ्यास. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, त्यांच्यावर जगणारे कोळंबीसारखे क्रिल, आणि क्रिलवर जगणारे देवमासे, सील, पेंग्विन. हे काम करायचं तर जहाज थांबवावं लागतं. ठरलेल्या खोलीवर बाटल्या सोडायच्या, पाणी वर आणायचं, गाळायचं, मोजायचं. हात गोठतात, दोरीवर बर्फ धरतो. आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा, प्रत्येक ठिकाणी.

इथेच तो 'भाड्याने' शब्द आडवा येतो. फिनपोलारिसचं मुख्य काम होतं सामान पोहोचवणं. त्याच उन्हाळ्यात भारताचं पहिलं कायमचं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' उभं करायचं होतं. उन्हाळा छोटा, जहाजाचा प्रत्येक दिवस पैशाचा. एकीकडे केंद्राचं सामान आणि एकीकडे पाण्याच्या बाटल्या, अशी निवड आली तर आधी काय होणार? सामानच. संशोधकांनी उरलेल्या वेळात आपलं काम बसवायचं. तरी ते झालं. केंद्रही झालं, १२ जणांची तुकडी पहिल्यांदा तिथे हिवाळ्यात राहिली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत करारात सामील झाला होता आणि सप्टेंबरमध्ये मताधिकारही मिळाला होता. पहिल्या दोन मोहिमांच्या कामावरच तो मिळाला, हे विसरायला नको.

दक्षिण गंगोत्री काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं. मग खडकावर 'मैत्री' आलं, २०१२ मध्ये 'भारती' आलं. १९९८ मध्ये गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची स्वतंत्र संस्था झाली. सगळं आपलं झालं. एक सोडून. बर्फात नेणारं संशोधन जहाज. चाळीस वर्षं आपण दर मोसमात दुसऱ्याचंच जहाज घेत आलो. २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने असं पहिलं जहाज बांधण्यासाठी करार केला. कोणाबरोबर? नॉर्वेच्याच एका कंपनीबरोबर. फरक एवढाच, की पहिल्या वेळी जहाज भाड्याने घेतलं, आता ते आपल्या गोदीत बांधायला शिकतोय. हा फरक लहान नाही.

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळू. देवळ्याचा संबंध काय? एक, आपला पाऊस. आपण पर्जन्यछायेत राहतो, जूनमध्ये आभाळाकडे बघत बसतो. तो मोसमी वारा दक्षिण हिंदी महासागरावरून निघून विषुववृत्त ओलांडून येतो. तिकडच्या समुद्राचं तापमान मोजणारी बाटली आपल्या शेताचंही काम करत असते. आणि दुसरं, २०२४ मध्ये 'भारती' केंद्रावर टपाल कार्यालय उघडलं. ते महाराष्ट्र टपाल परिमंडळात येतं, त्याचा पिन 'एमएच' या अक्षरांनी सुरू होतो. म्हणजे टपालखात्याच्या हिशोबात अंटार्क्टिका आणि देवळा एकाच परिमंडळात!

तेव्हा पुढच्या वेळी पुस्तकात तो झेंड्याचा फोटो दिसला, तर फोटोच्या मागे बघा. तिथे कुठेतरी एक जहाज उभं असेल. त्यात कोणीतरी ओल्या फडक्यावर ताट धरून जेवतंय, आणि कोणीतरी गोठलेल्या हातांनी पाण्याची बाटली वर ओढतंय. मताचा हक्क त्या बाटलीने मिळवलाय. झेंडा नंतर लागला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.